चढ्या सुराचा क्लॅरिनेट

मित्रांनो, मला पाहिलं की मुलं आधी विचारतात, ही काळी पुंगी कोणाची? पुंगी नाही, मी क्लॅरिनेट. आमच्या इंदोऱ्याच्या मोहल्ल्यात मला किलारनेट म्हणतात आणि मला तेच नाव जवळचं वाटतं. माझं वय शंभरीच्या आसपास असेल. अंग काळ्या, जड लाकडाचं आहे आणि त्यावर पांढऱ्या धातूच्या पट्ट्या आहेत. उंची दीड हात. मला तुकड्यातुकड्यांत उघडून एका लांबट पेटीत ठेवतात.

गोष्ट सांगायला बसलो आहे खरा, पण एक आधीच सांगून टाकतो. तिच्यातलं बरंच काही मला स्वतःलाच अजून उलगडलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता, चार पुस्तकं वाचता. तुम्हाला कदाचित माझ्यापेक्षा जास्त कळेल.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथला तेलाचा वास आठवतो आणि एका म्हाताऱ्या कारागिराचे हात आठवतात. त्यानं शेवटी माझ्या पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं ठोकली, एच आणि पी. ती कशासाठी, ते त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं, त्याच्या नावाची असतील. मग जहाज, मग रेल्वे, आणि मी कामठीच्या छावणीतल्या एका फौजी बँडमध्ये दाखल झालो. सकाळची कवायत, कडक कपडे, एका तालात पडणारे बूट. ते दिवस चांगले गेले. पुढे नवी वाद्यं आली आणि आम्हा जुन्यांना कोठीत टाकलं. किती वर्षं अंधारात पडून होतो, याचा मला पत्ता नाही. एक दिवस कोणीतरी सगळं मोडीत काढलं आणि मी कामठीच्या एका भंगारवाल्याच्या दुकानात फुटक्या स्टोव्हच्या शेजारी येऊन पडलो.

तिथून मला दादाजी मेश्रामांनी उचललं. तेव्हा ते विशीतले होते. त्यांनी बाहीनं माझी धूळ पुसली, दुकानातच ओठांना लावलं आणि फुंकर मारली. मी कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटलो. भंगारवाला हसला. दादाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "आवाज हाये याच्यात."

छावणीतून निवृत्त झालेला एक बँडवाला त्यांना गुरू मिळाला. त्याच्याकडून ते मला वाजवायला शिकले आणि कागदावर लिहिलेले सूर वाचायलाही शिकले. मग त्यांनी मेश्राम बँड उभा केला. मित्रांनो, त्या चाळीस वर्षांबद्दल मी तासभर बोलू शकेन. गांधीबागेतून वरात निघाली की कापडाच्या दुकानातली माणसं हातातला ताका तसाच टाकून दारात येत. वाडीच्या रस्त्यावर आमच्यासाठी ट्रकवाले इंजिन बंद करत. बुटीबोरीच्या एका लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरून स्वतःच नाचू लागला होता. लोक ओरडत, शिट्ट्या मारत, "मास्तर, अजून एक!" म्हणत. वाजवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. चालत चालत वाजवायचं. आणि कोणी ओरडलं नाही, तर समजायचं की आपलं काहीतरी चुकलं.

पुढे रस्त्यावर कपाटाएवढे स्पीकर आले. त्यांच्यापुढे माझा आवाज मलाच ऐकू येईना. बँडमधली माणसं एकेक करून दुसऱ्या कामाला लागली. दादाजींचे पुढचे दात गेले, आणि दातांशिवाय मला ओठांत धरता येत नाही. मी पुन्हा पेटीत गेलो.

मला पुन्हा बाहेर काढलं ते भावनानं. भावना ही दादाजींच्या मुलाची मुलगी. नऊ वर्षांची असताना तिनं हट्टानं पेटी उघडली आणि दादाजींनी तिला सगळं शिकवलं. स्वतः तोंडानं गुणगुणायचे, ती माझ्यातून ते काढायची. आता ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. बँडमधला जितेंद्र अजून ट्रम्पेट वाजवतो. रविवारी तो आला की अंगणात दोघांचं वाजवणं व्हायचं. एवढंच माझं जग उरलं होतं आणि माझी काही तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एक बाई घर शोधत आल्या. त्यांचं नाव चारुलताबाई. बँकेत अधिकारी होत्या आणि व्हायोलिन वाजवत. दारातूनच त्यांनी विचारलं, "दादाजी मेश्राम इथंच राहतात ना? आम्हाला क्लॅरिनेट वाजवणारं माणूस हवंय."

दादाजी खाटेवरून उठले. "लगन कोनाकडे हाये?"

"लग्न नाही. कॉन्सर्ट आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर महिन्याला एक. अशा चार."

"मंजे चार डाव वरात?"

चारुलताबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. शहरातल्या हौशी लोकांनी मिळून एक वाद्यवृंद उभा केला आहे. तीसेक माणसं आहेत. व्हायोलिन आहेत, जमिनीला टेकवून वाजवायचे मोठे चेलो आहेत, दोन बासऱ्या आहेत. शे-दोनशे वर्षांपूर्वीचं परदेशी संगीत आहे, सगळं कागदावर लिहिलेलं. शंकरनगरकडच्या एका जुन्या सभागृहात पहिल्यांदाच असा पूर्ण हंगाम होणार आहे. सगळं जमलं, पण गावात क्लॅरिनेट मिळत नाही.

दादाजींनी भावनाकडे बोट दाखवलं. "ही वाजवते. कागद बी वाचते."

मला फार आनंद झाला. काय काय होणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्या तालमीला आम्ही गेलो तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला. सगळे बसून होते. बसून! कोणाला कुठं जायचंच नव्हतं. समोर एका ओट्यावर पांढऱ्या केसांचे एक उंच गृहस्थ उभे होते. त्यांचं नाव मार्तंड हरकरे, सगळे त्यांना मार्तंड सर म्हणत. त्यांच्या हातात एक बारीक काठी होती. ती काठी वाजत नव्हती. ते स्वतःही काही वाजवत नव्हते. तरी सगळ्यांचे डोळे त्या काठीवर. बँडमध्ये न वाजवणाऱ्या माणसाला आम्ही कंदील धरायला लावायचो.

सुरुवातीला चारुलताबाईंनी व्हायोलिनवर एक सूर दिला. सगळ्यांनी तो आपापल्या वाद्यावर मिळवला. भावनानंही मला ओठांना लावलं आणि आम्ही तो सूर दिला. तोच, जो मी जन्मभर देत आलो.

तीस डोकी आमच्याकडे वळली.

मार्तंड सर प्रेमानं म्हणाले, "बाळ, क्लॅरिनेट चढा आहे. थोडा खाली घे."

भावनानं माझे सांधे जरा ओढले. नळी लांब झाली की सूर उतरतो.

"अजून."

तिनं अजून ओढले.

"अजून थोडा."

आता मी सुटून तिच्या मांडीवर पडतो की काय, असं मला वाटायला लागलं. एक सूर कसाबसा बसला, पण बाकीचे विस्कटले. काही वर राहिले, काही खाली घसरले. मी स्वतःलाच ओळखेना. भावनाचे कान लाल झाले. ती ओठ सैल करून सूर पाडायचा प्रयत्न करत होती, गालांत दुखेपर्यंत. तीन आठवडे असंच चाललं. मला एकच प्रश्न पडला होता. चाळीस वर्षं ज्या सुरावर लोक नाचले, तो इथं आल्यावर चुकीचा कसा झाला? मी बिघडलो, की हे सगळे बिघडलेले आहेत?

नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहाला पहिली कॉन्सर्ट होती. दादाजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि ते पाचव्या रांगेत येऊन बसले होते. पडद्यामागे चारुलताबाईंनी भावनाला बाजूला घेतलं.

"भावना, वाईट वाटून घेऊ नकोस. आज तू फक्त बोटं फिरव. फुंकू नकोस."

"फुंकू नको?"

"बघणाऱ्यांना कळणार नाही. सूर लागत नाही ना अजून. पहिलाच कार्यक्रम आहे, सगळ्यांची इतक्या दिवसांची मेहनत आहे गं."

तिनं मान हलवली.

मित्रांनो, ती दीड तासाची संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. झगझगीत दिवे, भरलेलं सभागृह, माझ्या पट्ट्यांवर भावनाची बोटं नेमकी पडत होती, एकही चुकत नव्हतं. आणि माझ्या आत श्वासाचा एक थेंबही नाही. मला वाटलं, ती आजारी आहे. मग वाटलं, मीच बहिरा झालो. लोक तरी कसे! कोणी ओरडत नव्हतं, कोणी हलत नव्हतं. एक भाग संपल्यावर एका माणसानं टाळी वाजवली, तर शेजारच्यानं त्याचा हात धरला. इथं न वाजवणं चांगलं, टाळी न देणं चांगलं, गप्प बसणं चांगलं. मग आम्ही सगळे जमलो कशासाठी होतो?

परत जाताना ऑटोत दादाजी भावनाकडे वळून बसले. मग म्हणाले, "मी लई ध्यान देऊन ऐकलं. तुहा आवाज काई आला नाही वं."

भावना बाहेर बघत राहिली.

"माहे कान गेले काय?"

"नाही आबाजी." तिचा आवाज फुटला. "मी वाजवलंच नाही. नुसती बोटं फिरवून राहिली होती. आपला किलारनेट सगळ्यांपेक्षा वर आहे. जमत नाही त्यांच्यासोबत."

"वर? काहून वर? अख्खा बँड त्याच्यावर चालला!"

"मले काय माहीत, काहून. त्यांच्या सूर मोजायच्या मशीनवर दाखवते. बेसूर आहे म्हणतात."

घरी येऊन दादाजी जेवले नाहीत.

पुढच्या तालमीला ते स्वतः आले. सोबत ट्रम्पेट घेऊन जितेंद्र. सगळे बसले असताना दादाजी थेट मार्तंड सरांच्या ओट्यापाशी गेले. मला वाटलं, आता भांडण होणार.

"सर, माहा किलारनेट बेसूर हाये म्हन्ता. जरा ऐकून घ्या मंग. भावना, वाजव. जितेंद्र, धर."

भावनानं माझे ओढलेले सांधे पुन्हा दाबून बसवले. किती दिवसांनी मी माझ्या मूळ मापावर आलो! तिनं छाती भरून श्वास घेतला आणि आम्ही वरातीची एक संथ चाल धरली, नवरी निघताना वाजवायची. जितेंद्रचा ट्रम्पेट खालून येऊन मिळाला. दोघांत केसाएवढी फट नव्हती. त्या सभागृहात माझा आवाज पहिल्यांदा उघडा झाला आणि छतापर्यंत गेला.

आम्ही थांबलो तेव्हा मार्तंड सर ओट्यावरून खाली उतरले होते. ते म्हणाले, "हा बेसूर नाही. हा अगदी सुरात आहे." मग स्वतःशीच, "पण कोणत्या सुरात?"

त्यांनी खिशातलं छोटं यंत्र काढून भावनाला एकेक सूर लांब धरायला सांगितला. कपाळाला आठ्या घालून ते बघत राहिले. मग मला हातात घेतलं, चष्मा वर केला आणि माझ्या पाठीवरची ती दोन अक्षरं वाचली.

"दादाजी, हे तुम्ही कधी पाहिलंत?"

"पायलं ना. कंपनीचं नाव असन."

"नाही. याचा अर्थ हाय पिच, म्हणजे चढा सूर. फार पूर्वी फौजी बँड आजच्यापेक्षा वरच्या सुरावर वाजायचे. हा त्या काळातला आहे. पुढे सगळ्यांनी सूर खाली आणला. तुमच्या ट्रम्पेटचं काय? तो कसा जुळला?"

"त्याच्या नळ्या कापल्या आमी," दादाजी म्हणाले. "सगळ्याईच्याच कापल्या. किलारनेट लाकडाचा, तो कापता येत नाही. मंग बाकीच्याईले त्याच्यावर आनलं."

मित्रांनो, मी तिथं मार्तंड सरांच्या हातात सुन्न होऊन पडलो होतो. म्हणजे सगळ्या जगानं आपला सूर उतरवला, आणि मला कोणी कळवलंच नाही! मी कोठीत होतो, भंगारात होतो, मग वरातीत. मी चुकलो नव्हतो. पण बरोबरही नव्हतो. मग मी होतो तरी काय? मी आजही यावर विचार करतो आणि प्रत्येक वेळी डोकं गरगरतं.

त्यानंतर दादाजींनी हार मानली नाही. इतवारीतल्या लाकूड कातणाऱ्या एका खराद्याकडून त्यांनी माझ्या तोंडाखालचा लहान जोड शिसवीचा, जरा लांब करून आणला. त्यानं वरचे सूर उतरले, खालचे तिथंच राहिले. डिसेंबरच्या कॉन्सर्टमध्ये भावनानं मोजून अकरा सूर वाजवले, जे बसत होते तेवढेच. बाकी वेळ ती पुढची पाळी येईपर्यंत मनात तालाचे आकडे म्हणत थांबायची. बहात्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. जानेवारीत चारुलताबाईंनी ओळखीतून एक नवा क्लॅरिनेट काही दिवसांसाठी मागून आणला. भावनानं ती कॉन्सर्ट त्याच्यावर वाजवली. मी घरी कपाटात होतो. रात्रीच्या जेवणाला ती परतली आणि दादाजींना म्हणाली, "आज पूर्ण वाजवलं." मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आधी कोणतं वाटलं, ते सांगता येणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या कॉन्सर्टला तारवाद्यांच्या साथीनं क्लॅरिनेटचा एक संथ भाग होता. दहा मिनिटं भावना एकटी पुढे. पत्रिका छापून गेल्या होत्या, त्यावर तिचं नाव होतं. आणि दोन आठवडे आधी त्या नव्या क्लॅरिनेटच्या मालकाचा निरोप आला. त्याला परगावी परीक्षा होती, वाद्य परत हवं होतं. बरोबरच होतं त्याचं.

तालमीत चारुलताबाई म्हणाल्या, "सर, आता तो भाग काढूया. दुसरं काहीतरी बसवू."

भावना खाली मान घालून बसली होती. तिनं मला घरून आणलं होतं, का ते तिलाही ठाऊक नसावं.

मार्तंड सर बराच वेळ काठी बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्या भागात बासऱ्या नाहीत. नुसती तारवाद्यं आहेत. आणि तार वर चढवता येते."

कोणालाच कळेना. मलाही नाही.

"क्लॅरिनेट खाली येत नाही ना? मग आपण वर जाऊ. तो भाग शेवटी ठेवू. बासरीवाले आधी उठून जातील. आपण सगळ्यांनी सूर भावनाकडून घ्यायचा."

एकदम गलका झाला. तारा तुटतील, बोटं चुकतील, लोकांना विचित्र वाटेल. चेलोवाले विश्वनाथकाका सगळ्यांत ज्येष्ठ होते. ते म्हणाले, "मार्तंड, पन्नास वर्षं माझा कान एका सुरावर बसलाय. आता या वयात?"

"तार तुटली तर दुसरी लावू," मार्तंड सर म्हणाले. "त्या मुलीला आपण अख्ख्या एका कॉन्सर्टभर मुकं बसवलं आहे, विश्वनाथ. मला तेव्हा विचारलं गेलं आणि मी नुसती मान हलवली होती."

चारुलताबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनीच पहिल्यांदा व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि खुंटी हळूहळू पिळायला सुरुवात केली. तार कुरकुरली. अजून थोडी, अजून थोडी, आणि फाटकन तुटून त्यांच्या मनगटावर बसली. लाल वळ उठला.

"लागलं का, मॅडम?" भावना उठून धावली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, ते त्या वळामुळं की कशामुळं, मला कळलं नाही. "भावना, मी तुला फुंकू नको म्हटलं, ते मला म्हणायला नको होतं. सूर दे परत."

तिनं सूर दिला. त्यांनी नवी तार लावली.

त्या दोन आठवड्यांत सगळेच माझ्यासारखे झाले. विश्वनाथकाका वाजवता वाजवता थांबायचे आणि डोकं धरायचे. "बोट जागेवर पडतंय आणि कानाला सगळं खोटं वाटतंय," म्हणायचे. त्यांची अवस्था त्या सभागृहात माझ्याइतकी कोणालाच कळत नसेल.

शेवटच्या रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. थंडी संपून उकाडा सुरू झाला होता, म्हणून एसी जोरात लावले होते. दादाजी पहिल्या रांगेत होते, शेजारी जितेंद्र. शेवटचा भाग आला. बासरीवाले उठून गेले. भावना मला घेऊन पुढे उभी राहिली. चारुलताबाई तिच्याकडे वळल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सूर दे."

आम्ही सूर दिला. आणि मित्रांनो, ती सगळी वाद्यं खालून वर यायला लागली. आधी एक, मग चार, मग सगळी. कोणी वाटेत अडखळत होतं, कोणी पुढे जाऊन मागे येत होतं. मी फक्त स्थिर राहिलो. श्रोत्यांना वाटलं, हाच कार्यक्रम आहे. एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. मग मार्तंड सरांनी काठी उचलली.

काय वाजवलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. ते दुसऱ्या देशातल्या माणसानं लिहिलं होतं आणि त्याला काय म्हणायचं होतं, ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की भावना कोणाला भीत नव्हती. मधे एक लांब सूर येतो. तो हळू सुरू होतो, भरत जातो आणि परत हळू होतो. तिनं तो इतका लांब धरला की मलाच वाटलं, आता हिचा श्वास संपला. संपला नाही. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"वा वं पोरी! वा!"

दादाजी उभे राहिले होते. शंभर माणसं वळली. कोणीतरी "श्श" केलं. इथं असं करायचं नसतं, हे मला एव्हाना कळलं होतं. पण काय करावं? चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी मला समजेल असं बोललं होतं. भावनाच्या ओठांत हसू आलं आणि आमचा सूर जरासा हलला. मार्तंड सरांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची काठी मात्र क्षणभर वरच थांबली, आणि ती आम्हाला तो सूर आणखी धरू देत होती, असं मला वाटलं.

मग टाळ्या. किती वेळ, मोजलं नाही. लोक मंचावर चढले. फुलं, फोटो, मिठ्या. चारुलताबाई रडत होत्या, विश्वनाथकाका सगळ्यांना सांगत होते की कान अजून शाबूत आहेत. जितेंद्रनं भावनाला उचलायचंच बाकी ठेवलं होतं.

मी खुर्चीवर होतो.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. वाजवल्यावर माझ्या आत श्वासाचं पाणी साठतं. वाजवणं झालं की एक सुती फडकं दोरीला बांधून आतून ओढायचं असतं. भावना हे नऊ वर्षांची असल्यापासून रोज करत आली. त्या दिवशी ती विसरली. माझ्यावर एसीची थंड हवा पडत होती. अर्ध्या तासानं कोणीतरी घाईनं मला तसंच ओलं पेटीत ठेवलं. उपेक्षा मी खूप पाहिली होती, कोठीत आणि भंगारात. पण माझं सगळ्यांत मोठं कौतुक झालं त्याच संध्याकाळी ती पुन्हा माझ्या वाट्याला येईल, असं मला वाटलं नव्हतं.

सकाळी उन्हाबरोबर माझ्या अंगात काहीतरी ताणलं गेलं आणि 'टिच्च' असा आवाज झाला. भावनानं पेटी उघडली तेव्हा माझ्या वरच्या भागात बोटभर चीर पडली होती, दोन भोकांच्या आरपार.

ती मला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. "मी विसरली, आबाजी. मीच विसरली."

दादाजींनी मला हातात घेतलं, उजेडात धरलं, चिरेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, ते रागावतील. ते तिच्याजवळ खाली बसले.

"लाकूड हाये वं. पानी राह्यलं का फुगते, सुकलं का उकलते. त्याले काय मालूम, काल कोन्ता दिवस होता." मग म्हणाले, "रडू नको. वाजवलं तू, तसं मले चाळीस सालात जमलं नाही."

त्यांनी लाकडाचा भुगा आणि डिंक भरून चीर बुजवली, वरून दोरा गुंडाळला. चार सूर निघतात, बाकीचे फिसकटतात. पुढच्या हंगामासाठी वाद्यवृंदानं भावनाला नवा क्लॅरिनेट घेऊन दिला आहे. त्याचा सूर सगळ्यांसारखा आहे. कोणाला वर चढावं लागत नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शहाणपणाचं सांगायची रीत आहे. माझ्याकडे एवढंच आहे. ज्या दिवशी लोक तुमच्यासाठी टाळ्या वाजवतील, त्या दिवशी दोन मिनिटं मागे वळा. ज्या वस्तूनं तुमच्याबरोबर काम केलं, ती ओली आहे का, तापली आहे का, पडली आहे का, ते बघा. ती पुसा, जागेवर ठेवा, आणि मग फुलं घ्या. फुलं कुठं जात नाहीत.

बाकी माझा गोंधळ काही संपलेला नाही. आता भावना रोज कॉलेजातून येते, नव्या क्लॅरिनेटवर सराव करते, तो आतून नीट पुसते. आणि मग माझी पेटी उघडते. मला कोणी वाजवलेलं नसतं, माझ्या आत पाण्याचा थेंब नसतो. तरी ती फडक्याची दोरी माझ्यातून सावकाश ओढते, एकदा, दोनदा, आणि मला उजेडात धरून आरपार बघते.

का करते, ते मला कळत नाही. पण संध्याकाळ झाली की मी तिची वाट बघतो.